उंबरठ्यावरचा आकडा

भारतातला पहिला कामगार कायदा म्हणजे १८८१चा फॅक्टरी कायदा, असं बहुतेक पुस्तकांत छापलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. त्याआधी बावीस वर्षं, १८५९ साली, सरकारने मजुरांसाठी एक कायदा केला होता. कलकत्त्यातल्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या संघटनेने गाऱ्हाणं घातलं होतं की कारागीर आणि मजूर आगाऊ पैसे घेतात आणि काम टाकून निघून जातात. सरकारने ते मनावर घेतलं. उचल घेऊन काम सोडणाऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, ‘काम पुरं कर नाहीतर पैसे परत दे’ असं फर्मावायचं, आणि त्याने तेही केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने ठरलेली मजुरी बुडवली तर त्याला तुरुंग दाखवण्याची सोय या कायद्यात नव्हती. तो १९२५ साली रद्द झाला. म्हणजे लोकमान्य टिळकांचे राजद्रोहाचे खटले, मंडालेची शिक्षा आणि त्यांचा मृत्यू, एवढं सगळं उरकलं तरी मजुराने काम सोडणं हा या देशात गुन्हा होऊ शकत होता.

हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट नजरेत भरते. १८५९च्या कायद्याला मजूर एक आहे की हजार, याच्याशी देणंघेणं नव्हतं. तो कारागिराला लागू होता तसा हमालालाही. १८८१चा कायदा मात्र आत घेण्याआधी चौकशी करत होता. कारखान्यात यंत्रशक्ती आहे का? शंभर माणसं आहेत का? वर्षात चार महिन्यांहून जास्त चालतो का? चहा, कॉफी किंवा निळीचा मळा तर नाही ना? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर चुकलं की कामगार बाहेर. शिक्षेच्या कायद्याला आकडा लागला नाही. संरक्षणाचा कायदा पहिल्या दिवसापासून आकडा विचारत आला.

आपण कामगार कायद्यांचा इतिहास हक्कांच्या यादीसारखा सांगतो: साप्ताहिक सुट्टी आली, तास कमी झाले, बाळंतपणाची रजा आली, बोनस आला. यादी खोटी नाही. पण या सगळ्या कायद्यांतली सर्वांत महत्त्वाची ओळ हक्कांच्या कलमात सापडत नाही. ती पहिल्या-दुसऱ्या पानावर, व्याख्यांमध्ये दडलेली असते. ‘कारखाना’ कशाला म्हणायचं, ‘कामगार’ कोणाला म्हणायचं, हे तिथे ठरतं. दीडशे वर्षांची भांडणं बऱ्याच अंशी त्या ओळीसाठीच झाली आहेत.

मँचेस्टर, केसरी आणि लोखंडे

कावसजी दावर यांची ताडदेवची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. वीस वर्षांत मुंबईच्या सुताने आणि कापडाने लँकेशायरच्या मालकांना घाम फोडला. मुंबईच्या गिरण्यांत सात-आठ वर्षांची पोरं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबतात, ही गोष्ट मग इंग्लंडच्या पार्लमेंटात एकाएकी गाजू लागली. लॉर्ड शाफ्ट्सबरींसारख्यांची कळकळ खरी होती. मँचेस्टरवाल्यांचा हिशेबही तेवढाच खरा होता. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. बहुतेक सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. कायद्याचा मसुदा स्वतः तयार करून ते सरकारच्या मागे लागले. अखेर रिपन व्हाइसरॉय असताना १८८१चा कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही, त्यांना एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. मोठ्या माणसांबद्दल, बाई असो की पुरुष, कामाच्या तासांचा एक शब्दही नाही.

आज आश्चर्य वाटेल, पण राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. त्यात पुण्याचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ही होते. देशी उद्योगाचा गळा घोटायला विलायतेने काढलेली ही युक्ती आहे, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. फक्त त्यात गिरणीतल्या पोराला जागा नव्हती.

ती जागा सत्यशोधकांनी दिली. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. मांडवीच्या गिरणीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली होती, त्यामुळे खात्याखात्यातला कारभार त्यांना आतून ठाऊक होता. १८८०पासून त्यांच्याकडे ‘दीनबंधु’ या पत्राची सूत्रं होती. १८८४ साली मुंबई सरकारने नवा फॅक्टरी आयोग बसवला, तेव्हा लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या नावाने निवेदन तयार केलं.

त्या निवेदनातल्या मागण्या पाहा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. एवढ्यात काय आलं नाही? साप्ताहिक सुट्टीचा कायदा १८९१ला झाला. नुकसानभरपाईचा १९२३ला. पगार वेळेवर देण्याचा १९३६ला. कामगार विम्याचा १९४८ला. ब्रिटिश आणि स्वतंत्र भारताच्या सरकारांनी मिळून चौसष्ट वर्षांत जे केलं, त्याचा आराखडा सुपारीबागेतल्या माणसांनी एका बैठकीत मांडला होता. यातली एकही मागणी कोणा विलायती तज्ज्ञाने सुचवलेली नव्हती.

मागणी करणं आणि ती पदरात पडणं यांत सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळ सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन बायकांनीही भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे रविवार आधी कामगारांनी मालकांकडून मिळवला, आणि साप्ताहिक सुट्टी कायद्याच्या पुस्तकात गेली ती पुढच्या साली. १८९१च्या कायद्याने शंभरचा आकडा पन्नासवर आणला, मुलांचं किमान वय नऊ केलं आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये गेले. साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करताच त्यांना लागण झाली.

जिनिव्हाचा रस्ता परळवरून

पुरुष कामगाराच्या तासांना हात लागायला १९११ उजाडलं. मधल्या काळात गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्त या गोष्टीला काही अर्थ उरला नाही. दिवस तेरा-चौदा तासांचा झाला. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांत मोठ्या पुरुषाला बारा तासांची मर्यादा लावली. तीन वर्षांपूर्वी, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा, याच गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद पाडली होती. ज्या पुढाऱ्याच्या पत्राने त्यांच्यासाठीच्या कायद्याला विरोध केला होता, त्याच्यासाठी ते रस्त्यावर आले. कामगार फक्त पगाराचा विचार करतो, असं म्हणणाऱ्यांना हे कोडं कधीच सुटलं नाही.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. व्हर्सायच्या तहातून १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य झाला. तिच्या परिषदेला सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी लागत. कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा तर त्याला निवडून देणारी देशव्यापी संघटना हवी. १९२० साली मुंबईत आयटक, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, स्थापन झाली, तिच्यामागे हेही एक रोखठोक कारण होतं. अध्यक्ष लाला लजपतराय. सोशल सर्व्हिस लीगचे नारायण मल्हार जोशी हे या घडामोडींच्या केंद्रस्थानी होते. गिरणगावात वाचनालयं आणि रात्रशाळा चालवणारा हा शांत माणूस पुढे कायदेमंडळात एकामागून एक ठराव आणत राहिला.

फॅक्टरी कायद्याच्या १९२२च्या दुरुस्तीने आठवड्याला साठ तास आणि दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. आकडाही पन्नासवरून वीसवर उतरला.

संघटनेच्या कायद्याची कथा मद्रासची आहे. तिथल्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या कामगारांची युनियन बी. पी. वाडिया यांनी १९१८ला बांधली. कंपनीने वाडियांवरच दावा लावला: तुम्ही आमच्या कामगारांना करार मोडायला चिथावणी देता. हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. युनियन काढणं हाच कट ठरू शकतो, हे त्यामुळे साऱ्या देशाला कळलं. जोशींनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला आणि १९२६ला ट्रेड युनियन कायदा झाला. सात माणसांनी अर्ज करावा, नोंदणी व्हावी, आणि युनियनच्या कामासाठी पदाधिकाऱ्यांना कटाच्या आरोपापासून नि दिवाणी दाव्यापासून संरक्षण मिळावं. इतका लहान आकडा आपल्या कामगार कायद्यांत क्वचितच सापडतो.

पण सरकारच्या एका हाताने दिलं की दुसरा हात घ्यायला तयारच असे. १९२८ला मुंबईत दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्या मार्चमध्ये मीरत कटाच्या आरोपाखाली पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि एप्रिलमध्ये संपांवर बंधनं घालणारा ट्रेड डिस्प्यूट्स कायदा आला. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात बॉम्ब टाकले, ते याच विधेयकाच्या मतदानाचा निकाल जाहीर होत असताना. शाळेच्या पुस्तकात बॉम्ब असतो, विधेयक नसतं.

खात्याच्या दारावर

सरकारी पुस्तकातला उंबरठा ओलांडून गिरणीत शिरलेल्या माणसाला आत आणखी उंबरठे होते. रोज पहाटे फाटकापाशी बदली कामगारांची गर्दी असे. कोणाचा खाडा पडला की त्याच्या जागी जॉबर आपल्या मर्जीतला माणूस उचलायचा. जॉबरला दस्तुरी दिली नाही तर महिनोन्‌महिने फाटकाबाहेरच. कापडात दोष निघाला तर तोच तागा विणकराच्या गळ्यात मारून किंमत पगारातून कापली जाई. १९३६च्या पगार कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, तेव्हा कुठे या लुटीला वेसण बसली.

आणि विणकाम खात्याचं दार काही कामगारांना पूर्णच बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्य नको, असा सवर्ण कामगारांचा हट्ट. सूतकताईत कमी पगारावर राबायला अस्पृश्य चालत. जास्त पगाराच्या विणकामात नाही. १९२८च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर थेट टाकला: समता मालकांकडे मागता, तर आधी आपल्या खात्यात द्या. मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा गिरणीतला अनुभव होता.

त्याच साली मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. बाळासाहेब खेर तेव्हा पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. संपाआधी समेटाची सक्ती आणि बेकायदा संपाला तुरुंग, असा त्याचा गाभा. आंबेडकरांनी विधिमंडळात घेतलेला आक्षेप आजही कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखा आहे. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग; तो फार तर दिवाणी चूक ठरतो. त्याला फौजदारी गुन्हा केलं की माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपलं जातं, आणि त्याला गुलामी म्हणतात. १८५९च्या कायद्याचं भूत नव्या कपड्यात परत येतंय, हेच ते सांगत होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून संपात उतरले. विधेयक तरीही मंजूर झालं.

दहा वर्षांत उभा राहिलेला वाडा

१९४२ ते १९५२ या दहा वर्षांत भारतीय कामगार कायद्याची इमारत जवळजवळ पुरी झाली. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसण्याची त्रिपक्षीय पद्धत या काळात रुजली. फॅक्टरी कायद्याच्या १९४६च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांचा झाला. त्याच वर्षी स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामावरून काढण्याचे नियम लेखी असायला हवेत, हे त्याने सांगितलं. पाठोपाठ १९४७चा औद्योगिक तंटे कायदा, १९४८चे फॅक्टरी, किमान वेतन आणि कामगार विमा कायदे, १९५२चा भविष्यनिर्वाह निधी. फॅक्टरीचा आकडा आता दहावर आला. शंभर, पन्नास, वीस, दहा: सदुसष्ट वर्षांत दार एवढं रुंद झालं.

बोनसबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. मुंबईच्या गिरण्यांत बोनस आला तो पहिल्या महायुद्धातली महागाई भागवायला, १९१७च्या सुमारास. मालकांच्या लेखी ती बक्षिसी. १९२३चा बोनस त्यांनी नाकारला तेव्हा १९२४ साली मोठा संप झाला आणि सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्वाळा दिला की कामगारांना बोनसवर कायदेशीर हक्क नाही. १९५०ला लेबर अपीलेट ट्रायब्युनलने मुंबईच्या गिरण्यांच्याच प्रकरणात सूत्र बांधलं: नफ्यातून ठरावीक वजावटी झाल्यावर जे उरतं त्यात कामगाराचा वाटा आहे. १९६५ला कायदा झाला. किमान बोनस आधी चार टक्के, मग ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, थोडक्यात एक पगार. बक्षिसीचा हक्क व्हायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. आणि त्याही कायद्याच्या दारात आकडा होताच: कारखान्याबाहेरच्या आस्थापनांना वीस कामगार.

याच वाड्याच्या पायात एक दगड मात्र वाकडा बसला. मुंबई प्रांताचा १९४६चा औद्योगिक संबंध कायदा, म्हणजे गिरणगावाच्या बोलीतला ‘बीआयआर’. एका उद्योगात एका शहरात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि मालकाशी बोलायचा अधिकार फक्त तिला. मुंबईच्या कापड उद्योगात हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. कामगारांचं मन केव्हाच उडालं होतं. रजिस्टरवरचे सभासद हलत नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढ आणि बदलींना कायम करण्याबरोबर बीआयआर रद्द करा हीही मागणी होती. ज्या संपात जवळजवळ सगळे कामगार उतरले, त्या संपाच्या पुढाऱ्याशी बोलणं मालकांना कायद्याने बांधील नव्हतं. तो संप आजतागायत औपचारिकपणे मागे घेतला गेलेला नाही. आपला प्रतिनिधी कोण, हे ठरवायचा साधा मार्ग कायद्यात नसला की काय होतं, याचा हा सर्वांत महागडा धडा.

दोनशे चाळीस दिवस

१९५३ साली तंटे कायद्यात भर पडली. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा पगार, आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई. आणीबाणीत, १९७६ला, आणखी पुढचं पाऊल: तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायला किंवा माणसं कमी करायला सरकारची परवानगी हवी. १९८२च्या दुरुस्तीने ती मर्यादा शंभरावर आली.

हेतू चांगला होता. पण आकडा लिहिला की त्याच्या अलीकडे थांबण्याची कलाही जन्माला येते. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कोणत्याही एमआयडीसीत शिफ्ट सुटताना फाटकापाशी उभं राहिलं तर ती डोळ्यांनी दिसते. एकाच लाइनवर एकच काम करणारी पोरं बाहेर येतात: कोणी कंपनी रोलवर, कोणी ट्रेनी, कोणी ठेकेदाराकडचा. गळ्यातल्या ओळखपत्रावरून कोण कुठला हे कळतं. ठेकेदाराच्या पोराला सात-आठ महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो. महिनाभर गावी जायचं आणि नव्या नावाच्या ठेक्यावर परत यायचं. दोनशे चाळीसचा हिशेब पुन्हा शून्यापासून. कंत्राटी कामगारांसाठी १९७०चा कायदा होता, पण कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००१ला सेलच्या, म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या, खटल्यात स्पष्ट केलं.

लहान कारखानदाराची बाजूही ऐकायला हवी. भोसरीतल्या दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला ढीगभर रजिस्टरं, वेगवेगळ्या कायद्यांत ‘वेतन’ या गोष्टीच्या वेगवेगळ्या व्याख्या आणि इन्स्पेक्टरची फेरी, हा जाच खरा होता. नव्व्याण्णव माणसांवर थांबलेला मालक नेहमीच लबाड असायचा असं नाही. कधी तो फक्त घाबरलेला असायचा. मात्र या भीतीची किंमत फाटकाबाहेर ब्रेकवर उभा असलेला पोरगा मोजतो.

माथाडींनी काढलेली वाट

आकड्याच्या या खेळाला महाराष्ट्राने एकदा वेगळं उत्तर दिलं होतं. मशीद बंदरच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाला मालक कोण? आज या गाळ्याचं काम, उद्या त्या. शंभर सोडा, दहा माणसंही एका मालकाकडे नसत. अण्णासाहेब पाटील यांनी या माथाडींना संघटित केलं. त्यांतले बरेचसे सातारा-पुण्याकडच्या डोंगरी गावांतून आलेले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. बंदरातल्या गोदी कामगारांच्या मंडळाचा अनुभव त्यामागे होता.

त्याची रचना बघण्यासारखी आहे. कामगारांची टोळी, टोळीचा मुकादम, आणि मधे त्रिपक्षीय मंडळ. मंडळाकडे हमालाचीही नोंदणी आणि व्यापाऱ्याचीही. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, वर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. दिवसभरात चार गाळ्यांवर काम केलं तरी हक्क एकाच खात्यात साचतो. गाळ्यावर किती माणसं, हा प्रश्नच उरत नाही. माल उचलला गेला, मजुरी झाली, की लेव्ही लागू.

या व्यवस्थेला कीडही लागली. माथाडींच्या नावाने कारखान्यांच्या फाटकावर खंडणी मागणाऱ्या टोळ्या निघाल्या आणि खऱ्या माथाडी संघटनांनाच त्यांच्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. तरीही एका ठरावीक मालकाशी बांधला न गेलेल्या मजुराला पगारदारासारखी सुरक्षा देता येते, हे या कायद्याने करून दाखवलं. राजस्थानने २०२३ साली ॲपवर काम करणाऱ्या गिग कामगारांसाठी कायदा केला, त्यात प्रत्येक व्यवहारावर शुल्क आणि त्यातून कल्याण निधी, ही मूळ कल्पना माथाडी मंडळाशी उघड नातं सांगणारी आहे. कर्नाटकनेही २०२५ला तसाच कायदा केला. ज्या महाराष्ट्रातून ही वाट निघाली, तिथल्या घरपोच डबे पोहोचवणाऱ्या पोरांना अजून तसा कायदा नाही.

चार संहिता, नवे आकडे

२१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राने २९ कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू केल्या. वेतनाची २०१९ची, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या तीन २०२०च्या. त्यांना सरसकट कामगारविरोधी किंवा सरसकट क्रांतिकारी म्हणणारे दोन्ही गट व्याख्यांचं पान घाईत उलटतात.

काही ठिकाणी दार खरंच रुंद झालंय. किमान वेतन पूर्वी अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांपुरतं होतं; आता ते सगळ्या कामगारांना आहे. नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालंय. मुदतीच्या कराराने घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. गिग कामगार ही व्याख्या केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा आली, आणि ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत टाकायचे आहेत. नीती आयोगाच्या अंदाजाने असे कामगार २०२०–२१मध्ये ७७ लाख होते आणि २०२९–३०पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील.

दुसरीकडे आकडे उलटे फिरलेत. यंत्रशक्तीच्या कारखान्यासाठी दहाचे वीस. परवानगीशिवाय कामगारकपातीसाठी शंभराचे तीनशे, म्हणजे पुन्हा १९७६. कंत्राटी कामगारांच्या संरक्षणासाठी वीसचे पन्नास. संपाची आगाऊ नोटीस केंद्रीय कायद्यात पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत चौदा दिवस आधी द्यायची, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, हे सरकारचं म्हणणं खरं. पण बारा तासांचा दिवस याआधी रुबाबात वावरला होता तो १९११च्या कायद्यात.

आणि या सगळ्या आकड्यांच्या पलीकडे बीड, अहिल्यानगर, जळगावकडून दरवर्षी उसाच्या फडात जाणारी माणसं आहेत. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, हिशेब एकाचा. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती बहुधा नवऱ्याच्या हाती. मग जोडी पहाटे अंधारात तोडीला लागते, मोळ्या बांधते, गाडी भरते, आणि हंगाम संपताना उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. बाई आजारी पडून खाडा झाला तर तो कापला जातो. वेठबिगारी १९७६ला रद्द झाली. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजेच सक्तीची मजुरी, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ला एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. तरी फडातल्या जोडीचा मालक कोण, हे विचारा. साखर कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम सांगतो की मीही मजूरच.

म्हणून कामगार कायद्याच्या पुढच्या टप्प्याला ‘किती माणसं’ हा प्रश्न मागे टाकावा लागेल. देशातल्या दहातल्या नऊ कामगारांना त्या प्रश्नाचं उत्तर कधीच नीट देता आलेलं नाही. माथाडी मंडळाने विचारलेला प्रश्न साधा होता: या श्रमातून कमाई कोणाची होते? त्याने भरावं. हा नियम डब्याच्या ऑर्डरला लावता येतो, ठेकेदाराच्या बिलाला लावता येतो, टनामागच्या उसालाही लावता येतो. संहितांचे राज्यांचे नियम लिहिणाऱ्यांसमोर आणि त्यांना जाब विचारणाऱ्या युनियनांसमोर हे काम आहे. सुपारीबागेतल्या कामगारांनी मागण्या लिहून दिल्या आणि त्या कायद्यात उतरायला चौसष्ट वर्षं लागली. फडातल्या बाईचं नाव रजिस्टरवर स्वतंत्र लिहायला आणि तिच्या तोडीवर लेव्ही बसवायला तेवढा वेळ लावण्याचं कोणतंही कारण आता कोणाकडे नाही.